शाओलिन तालीम मंडळ

‘शाओलिन सॉकर’मधला शेवटचा गोल धरायचा की नाही, यावर आमच्या पेठेत अजून एकमत झालेलं नाही. सिनेमा हाँगकाँगचा, 2001 सालचा. दिग्दर्शक आणि नायक एकच, स्टीफन चाऊ. पुढच्या वर्षीच्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत त्याला चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनय अशी तिन्ही मोठी बक्षिसं मिळाली. म्हणजे तिथल्या परीक्षकांनी गोल धरला. पण त्यांचं काय जातंय? त्यांना दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला तोंड दाखवायचं नव्हतं.

असल्या हाणामारीच्या विनोदी सिनेमाबद्दल इतर गावची माणसं साधारण एकच सल्ला देतात: डोकं बाजूला ठेवून बघा. कोल्हापुरात डोकं बाजूला ठेवता येत नाही, त्यावर फेटा असतो. शिवाय इथला प्रेक्षक हा प्रेक्षक नसतोच, तो पंच असतो. याला जबाबदार खुद्द राजर्षी शाहू महाराज. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं ते जुनं रंगमैदान पाहिलं, मनात ठेवलं आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं. बसायची जागा अशी उतरती की पार शेवटच्या माणसालाही हौद्यातला डाव दिसावा. महाराजांचा हेतू उदात्त होता. पण डाव दिसला की माणूस बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. शंभरावर वर्षं जिथं हजारो माणसं एकाच वेळी पंचाला सल्ला देत आली, तिथं समोर हौदा आहे की पडदा, यानं फारसा फरक पडत नाही.

तर हा सिनेमा. कुंगफू शिकलेले सहा गुरुबंधू. मठ सुटलेला, विद्या अंगात, खिशात दमडी नाही. एकजण हॉटेलात भांडी घासतो, एकजण नाइट क्लबात नोकरीला आहे आणि मालक चिडला की त्याच्या डोक्यात बाटली फोडतो. एक लंगडा माजी फुटबॉलपटू त्यांना गोळा करतो आणि टीम काढतो. मग चेंडूला लाथ बसली की आग निघते, गोलकीपर जाळीसकट मागं जातो, माणसं पाखरं होऊन उडतात. आखाड्यातल्या गड्यांनी फुटबॉल खेळायचा, ही कल्पना जगाला भन्नाट वाटली. जगभर लोक पोट धरून हसले.

आमच्याकडं सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, “ह्यात नवीन काय हाय?”

प्रश्न रास्त होता. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. बाहेरगावचा पाहुणा ‘आज दिलबहार तालमीची मॅच’ म्हटल्यावर लाल मातीचा वास घ्यायच्या तयारीनं येतो आणि त्याला शाहू स्टेडियमवर हजारो माणसांत बसवून ऑफसाइडवर भांडायला लावतात. आमच्या लेखी ‘शाओलिन सॉकर’ ही कल्पनेची भरारी नव्हतीच. एका चिनी पेठेची बऱ्यापैकी खरी हकीकत होती. फक्त त्यांच्या मंडळाला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता आणि त्या दोघांचं भांडणही नव्हतं. एवढ्या बाबतीत दिग्दर्शक कमी पडला, असं मत लगेच नोंदवलं गेलं.

सिनेमा लावला होता मंडळाच्या हॉलमध्ये, ऐन पावसाळ्यात. पावसात स्टेडियम बंद, पोरांना काम नाही, आणि पंचगंगा वाढायला लागली की घरात बसवत नाही. त्यामुळं दर थोड्या वेळानं कुणीतरी मोबाइल बघून राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगत होतं. इशारा 39 फुटांवर, धोका 43 फुटांवर. हे दोन आकडे कोल्हापूरकराला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ असतात. पडद्यावर माणूस तीस फूट उडाला की पाठोपाठ “छत्तीस!” असं ऐकू यायचं, आणि नवख्याला वाटायचं की उडीचं माप चाललंय.

पुढच्या रांगेत मधोमध आमच्या तालमीचे वस्ताद बसले होते. वस्तादांनी आयुष्यात मोजके सिनेमे बघितले असतील; कुस्त्या किती, ते त्यांनाही सांगता येणार नाही. ज्याच्या डोक्यात बाटल्या फुटतात त्या गुरुबंधूवर त्यांचं बारीक लक्ष होतं. पोरं हसत होती. वस्ताद हसेनात.

“डोकं कुणाचंबी घट्ट असतंय,” ते म्हणाले. “मान बघा. मान केल्याली न्हाई त्येनं. चार दिसांत आडवा हुईल.”

त्या भूमिकेतल्या नटाला सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचं बक्षीस मिळालंय, असं मी सांगितलं. वस्ताद म्हणाले, “बक्षीस असंल. मान न्हाई.”

याउलट तो जाडा धाकटा गुरुबंधू, जो सारखा खात असतो आणि पोट सुटलेलं असूनही कागदासारखा हवेत तरंगतो, तो त्यांना पूर्ण पटला. हवेत तरंगण्याबद्दल त्यांना काही अडचण वाटली नाही. “खुराक बरुबर हाय,” एवढंच म्हणाले. बदाम, खसखस, तूप आणि धारोष्ण दूध यांवर वस्तादांची श्रद्धा इतकी आहे की योग्य प्रमाणात घेतलं तर माणूस उडेलही, फक्त कुणी नेमानं घेत नाही, असं त्यांचं मत असावं.

सिनेमाच्या पूर्वार्धात एक सामना आहे. समोरची टीम गुंडांची. चड्डीत पान्हे आणि हातोडे लपवून मैदानात उतरते आणि आपल्या गुरुबंधूंना बदडून काढते. अमेरिकन प्रेक्षकाला हा भाग अतिरंजित वाटला असणार. हॉलमधला एक जुना सेंटर हाफ मात्र गुडघा चोळत म्हणाला, “हे बरुबर दाखवलंय.” पुढं अंतिम सामन्यात पंच विकला गेल्याचं उघड होतं, तेव्हा तर टाळ्या पडल्या. हरलेल्या प्रत्येक पेठेनं आजवर जे घसा फोडून सांगितलं, ते पहिल्यांदाच पडद्यावर येत होतं.

आता तो गोल. अंतिम सामन्यात आपले गडी एकेक करून जायबंदी होतात, गोलकीपर उरत नाही, टीम बाद होणार. तेवढ्यात नायकावर जीव लावून बसलेली ती वाफवलेले पाव करणारी मुलगी डोकं भादरून येते आणि गोलात उभी राहते. समोरून आलेला आगीचा चेंडू ती ताई चीनं गोल गोल फिरवून थंड करते आणि नायकाला देते. तो लाथ घालतो. मग मैदान उकलत, वाटेतली माणसं उडवत तो चेंडू जातो.

दिवे लागायच्या आत वाद सुरू. पहिला आक्षेप नोंदणीचा. हंगामाच्या सुरुवातीला केएसए संघटनेकडं खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कुठल्या तालमीकडून गेला, यावर इथं नाती तुटतात. आणि ही बाई ऐन फायनलमध्ये रस्त्यावरून येऊन गोलात उभी राहते? दुसरा आक्षेप, बदली खेळाडू आत घेताना चौथ्या पंचाला विचारलं का. तिसरा, चेंडू जमिनीला न टेकता एवढा वेळ हातात फिरवणं बसतं का नियमात. एक कॉलेजकुमार म्हणाला, “अरे, कॉमेडी आहे ती!” त्याच्याकडं सगळ्यांनी असं बघितलं की तो चहा सांगायला निघून गेला.

वादात पडल्या त्या मागं खुर्चीवर बसलेल्या शेजारच्या काकू. त्या खरं तर मुलाला जेवायला बोलवायला आल्या होत्या आणि अर्ध्या तासापासून बसूनच राहिल्या होत्या. “मी सांगतो,” त्या म्हणाल्या. “बूट फाटलं त्याचं, शिवून दिलं कुणी? तिनं. चेंडू अडवला कुणी? तिनं. आणि ह्यो बाबा मगाशी तिला म्हंतोय की आपण नुसतं मित्र हाय. गोल त्या पोरीचा. पाय लावला म्हणून त्याचा झाला व्हय?” एवढं बोलून मुलाचा दंड धरून त्या गेल्या. जाता जाता बुटाबद्दलही मत देऊन गेल्या: पायात कोल्हापुरी पायताण असतं तर शिवायची वेळच आली नसती. प्राडावाल्यांनी 2025 मध्ये मिलानला ज्या चपला दाखवल्या त्यावरून हे मत इटलीतही पोचलं असावं.

सिनेमावर तांत्रिक मत द्यायला आमच्याकडं वेगळे गृहस्थ आहेत. तरुणपणी ते जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक सिनेमांत मावळा व्हायचे. कधी मुघलही, मागणी असेल तसं. एका सिनेमात सकाळी ज्याला मारलं त्याच्याकडून दुपारी मेलो, असं ते सांगतात. त्यांचा राग तारांवर. नट तारेला बांधून उडवतात आणि नंतर तार पुसून टाकतात, हे त्यांना समजावून दिल्यापासून ते चिडलेले आहेत.

“तार दिसंना, मग मेहनत कुणाची ती कळायची कशी?” त्यांचा सवाल. “बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात ‘सैरंध्री’ केला, 1920 साली. कीचकवध असा दाखवला की बघणारी माणसं भ्याली. प्रसंग कापाय लागला. कुठली तार आणि कुठलं काय!” मग गाडी मास्टर विनायकांवर आली. अंग कमावून ब्रह्मचारी व्हायला निघालेल्या गड्याची टिंगल आमच्या कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं 1938 मध्येच विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त करून ठेवलीय, तेव्हा चिनी लोकांनी फार मोठं काही केलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर मी म्हणालो की अमेरिकेत हा सिनेमा 2004 मध्ये लागला, तोही वीस-पंचवीस मिनिटं कापून. कापला म्हटल्यावर त्यांचा सिनेमाबद्दलचा आदर एकदम वाढला. कात्री लागल्याशिवाय ते कुठल्याच कलाकृतीला थोर मानत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाऊस तसाच, म्हणून चाऊचाच ‘कुंगफू हसल’ लावला. हा 2004 चा. जुन्या शांघायमधली एक गरीब चाळ, तिथं गुंडांची टोळी दादागिरी करायला येते आणि कळतं की चाळीतला हमाल, शिंपी, शेवया करणारा, सगळेच उस्ताद आहेत. सर्वांत वर घरमालक आणि घरमालकीण. केसांना गुंडाळ्या, तोंडात सिगारेट, आवाज असा की भिंती पडाव्यात.

याही वेळी हॉलमध्ये कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या पेठेत दूध घालणारा, रिक्षा चालवणारा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसणारा, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला, यांतला कोण कधीकाळी हौद्यात काय होता, हे तोंडावरून कळत नाही. कानावरून कळतं. मातीत घासून घासून ज्याचे कान फुटून गड्ड्यागत झालेत, त्याच्याशी भांडण काढायचं नाही, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी शिकवतात. मैदानं गाजवून झाली, वय झालं की पैलवानाला नोकरी काय मिळते, हा ‘शाओलिन सॉकर’च्या पहिल्या वीस मिनिटांचा विषय, आणि तेवढ्या भागात आमचा हॉल एरवीपेक्षा गप्प होता, हेही सांगायला हवं. चाऊला ही गोष्ट कुणी सांगितली कोण जाणे, पण त्याला ती पक्की माहीत आहे. विनोद त्यानं वरून टाकलाय.

‘हसल’मध्ये घरमालक पहिल्यांदा खिडकीतून खाली आपटतो, वरून कुंडी डोक्यात पडते, आणि हॉल हसून लोळला. वस्ताद पुढं सरकून बसले.

“ह्यो खरा हाय,” ते म्हणाले.

“कशावरून, वस्ताद?”

“पडतोय कसा बघा. पडायला शिकल्याला माणूस हाय ह्यो. आणि ती बायकू. तिची चाल बघा, पाय कसा टाकती.”

मी नंतर माहिती काढली. घरमालक झालेला युएन वा हा तरुणपणी ब्रूस लीच्या जागी कोलांट्या मारायचा. ब्रूस लीचा डुप्लिकेट होता तो. आणि घरमालकीण युएन चिऊ. जॅकी चॅन ज्या कडक शिस्तीच्या ऑपेरा शाळेत मार खात वाढला, त्याच शाळेत हे दोघंही शिकलेले. बाई तर कित्येक वर्षं सिनेमा सोडून घरात बसल्या होत्या, चाऊनं त्यांना परत आणलं. यातलं काही माहीत नसताना, चिनी भाषेचा एक शब्द न कळताना, वस्तादांनी दोघांना चालीवरून आणि पडण्यावरून ओळखलं होतं.

मी ही माहिती मोठ्या उत्साहानं तालमीत जाऊन सांगितली. वस्ताद पोरांना पाठीवर पडायला शिकवत होते. नव्या पोराला पहिले काही दिवस हेच: जोर, बैठका, आणि हनुवटी छातीला लावून पडणं. डाव नंतर. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग? मी काय येगळं सांगितलं व्हतं?” आणि पुन्हा पोराकडं वळले, “मान आत घे रं!”

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही सिनेमे झकास आहेत, ‘हसल’ जास्त. जमलं तर तो कोल्हापुरात, एखाद्या मंडळाच्या हॉलमध्येच बघा. चहा मिळतो आणि निकाल जागेवर लागतो. फक्त येताना रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालण्याआधी त्याचे कान बघून घ्या. फुटलेले असले तर मागतोय तेवढं द्या. नसले तरी द्या, त्याचा थोरला भाऊ तालमीत असतो.