आधी कशाला मान?

लॅपटॉप म्हातारा झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रॅम वाढव. दुसरा म्हणतो, एसएसडी टाक. तिसराही एक पक्ष असतो, तो म्हणतो, ‘नवाच घेऊन टाक की!’ पण हा पक्ष पैसे देणाऱ्यांपैकी नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

दोन्ही घालावं, हे खरं उत्तर. पण आठ-नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर किती खर्च करायचा, याचा आकडा आपण मनाशी पक्का करूनच दुकानाची पायरी चढलेली असते आणि त्या आकड्यात दोहोंपैकी एकच बसतं. मग प्रश्न तांत्रिक राहत नाही, मानपानाचा होतो. आधी ओवाळायचं कुणाला?

मला हे प्रकरण स्वयंपाकघरात नेल्याशिवाय कळलं नाही. हार्ड डिस्क म्हणजे माळा. वर्षानुवर्षांचं सगळं तिथे सुखरूप, पण हवं तेव्हा स्टूल आणा, ते कुणीतरी धरा, आधी मखराची खोकी बाजूला सारा, मग मागचा मोठा कुकर हाती लागणार. रॅम म्हणजे ओटा. जे काम चाललंय त्याचं सामान तिथे मांडलेलं, हात लांबवला की मिळतं, आणि वीज गेली की ओटा लख्ख पुसलेला! (बॅटरी संपल्यावर सेव्ह न केलेलं पत्र कुठे गेलं, हे विचारणाऱ्यांनी इथे थांबून घ्यावं.) एसएसडी ओटा वाढवत नाही. ती माळ्यावरचं सगळं हाताच्या उंचीवरच्या फळ्यांवर आणून लावते.

आता थोडी आकडेमोड, कारण ती गमतीची आहे. जुन्या लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सरासरी अर्ध्या फेऱ्यावर असते, शिवाय वाचणारा हात तिथवर सरकायला हवा. सगळं धरून १५ मिलिसेकंदांच्या घरात जातं. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तिथे हे काम ढोबळमानाने मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. रॅम त्याहूनही हजारपट चपळ. माणसाच्या मापात सांगायचं तर रॅमने एका सेकंदात दिलेली वस्तू एसएसडी सतरा मिनिटांत देते आणि हार्ड डिस्क पावणेदोन दिवसांनी. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो वस्तू मागवतो. त्याच्या पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके पाहून आपण चिडतो. मला तर तो पोहोचतो याचंच कौतुक वाटू लागलंय.

आता कुणी म्हणेल, रॅम एवढी चपळ, तर तीच वाढवावी. इथेच गोम आहे. ओटा भरला की संगणक ‘जागा नाही’ म्हणत नाही. तो निमूटपणे काही सामान माळ्यावर टाकतो आणि लागलं की परत उतरवतो. ही युक्ती मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाइतकी जुनी, १९६२ सालची. पण सामान फारच झालं की यंत्र नुसतं चढउतार करत बसतं, काम शून्य. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दुखण्यावर निबंध लिहिला होता. आमच्या वहिनीने तो वाचलेला नाही, मात्र त्याचं प्रात्यक्षिक ती रोज देते. तिच्या ब्राउझरमध्ये रेल्वेचं आरक्षण, उकडीच्या मोदकांच्या तीन कृती, आयकराचं पान आणि गेल्या दिवाळीतली एक पैठणी अजून उघडी आहे. ‘वहिनी, यातलं काही बंद करू का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘असू दे रे, लागतं कधीकधी.’ अशा माणसाला रॅमच हवी. पण मिळाली, तरी टॅबही त्या मानाने वाढणार, हे लिहून घ्या.

म्हणून मी एसएसडीच्या पक्षाचा. कारण रॅम कमी पडली की उरलेलं ओझं शेवटी डिस्कवरच येतं. डिस्क चपळ असेल तर रॅमचं उणं बरंचसं झाकलं जातं. उलट मात्र होत नाही. ८ जीबी रॅम असून खाली जुनी तबकडीच फिरत असेल, तर चर्चासुद्धा करू नये. आधीच एसएसडी असेल, तर अर्थात रॅम. आणि कुणाचंच ऐकायचं नसेल त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मशीन अडलेलं असताना मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क शंभर टक्के दिसली, तर यंत्राने स्वतःच कौल दिला.

मुंबईत हा कौल घेऊन लोक लॅमिंग्टन रोडला जातात. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने रॅम मागायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. तिथल्या एका अरुंद दुकानातल्या पोराने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत टाकले आणि नवी एसएसडी माझ्या हातावर ठेवली. ती इतकी हलकी की मी नकळत दोनदा वरखाली करून पाहिली.

‘आत आहे ना रे काही?’

‘काका, उघडली तर अर्धी डबी रिकामीच निघेल. जुन्या डिस्कच्या जागी बसायला हवी ना, म्हणून एवढी मोठी.’

वजनावर वस्तू पारखणाऱ्या पिढीला हे पचायला जड जातं. जुनी हार्ड डिस्क हातात घ्या, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पोराने डीव्हीडी ड्राइव्ह उपसला, त्या खाचेत कॅडी घालून तिच्यात जुनी डिस्क बसवली. ‘हिच्यावर फोटो, पिक्चर. विंडोज नव्या डिस्कवर. क्लोन करून देतो, डेटा जसाच्या तसा.’ डीव्हीडी ड्राइव्ह त्याने कागदात गुंडाळून परत दिला. तो टाकून द्यायचं धैर्य आमच्या घरात कुणाकडे नाही.

ही चैन आता संपत आलीय. अनेक नव्या सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवायची सोयच नाही. त्यातून २०२५ सरता सरता मेमरीचे भाव भडकले, कारण एआयची डेटा सेंटरं ती घाऊक उचलू लागली. आता दुकानात उभ्या उभ्या सांगावं लागतं, आठ की सोळा. भाच्यासाठी लॅपटॉप बघायला गेलो, तेव्हा नवं यंत्र सवयीने पालथं करून मी स्क्रू शोधू लागलो. विक्रेत्याने ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं आणि भाच्याकडे पाहत विचारलं, ‘सर, रंग कोणता दाखवू?’