आमची चर्चा कुठं गेली?

हडपसरच्या गाडीतळावर बस उशिरा येते, अफवा मात्र वेळेवर येते. परवा चहाच्या टपरीवर एका काकांनी बातमी फोडली, "टीव्हीच्या कंपन्या एक होणार, आपली रात्रीची चर्चा दुसऱ्या चॅनेलवर जाणार!" कोणी सांगितलं? "केबलवाल्याच्या पोरानं." हा पोरगा म्हणजे आमच्या आळीचं माहिती व प्रसारण खातं.

काकांना हसू नका, ते पोळलेले आहेत. १ जून २०१२ला 'स्टार माझा'चा 'एबीपी माझा' झाला. पुढं 'आयबीएन लोकमत'चं 'न्यूज१८ लोकमत' झालं. २०१९मध्ये 'ट्राय' या सरकारी नियामकानं हवी ती चॅनेलं निवडायची मुभा दिली. काकांनी बातम्या निवडल्या, काकूंनी मालिका, आणि बिल दोघांचं आलं. २०२४च्या नोव्हेंबरात स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र आल्यापासून तर काकांना दर जाहिरातीत विलीनीकरण दिसतं.

त्यांच्या रिमोटची पाठ सेलोटेपनं बांधलेली, त्यावर चॅनेलच्या नंबरांची चिठ्ठी. तीन नंबर खोडलेले, चौथा पेन्सिलीनं लिहिलेला. शाईवर आता त्यांचा भरवसा नाही.

पण खरं सांगू? पाटी बदलली, नंबर बदलला, मालकही बदलला. सहा चौकटींत एकाच वेळी ओरडणारी सहा माणसं काही बदलली नाहीत. तेव्हा काका, निर्धास्त झोपा. चर्चा कुठल्याही चॅनेलवर जाऊ दे, आवाज गाडीतळापर्यंत येईलच.