आपलंच समजून

जायकवाडीच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथवर ऊस, पुढं कापूस आणि सोयाबीन, अशी गोदावरीकाठच्या आमच्या शिवाराची वाटणी आहे. या दोन्ही भागांत सारख्याच हक्कानं वावरणारा एक माणूस म्हणजे नाना. नाना हे एकाच माणसाचं नाव नाही. गाव बदललं की त्यांचे आबा होतात, अण्णा होतात. पण तांबडं फुटायच्या आत तुमच्या आखाड्यावरचा फवारणीचा पंप पाठीला लावून निघालेला माणूस तोच.

त्यांना चोर म्हणणं हा चोरांवर अन्याय आहे. चोर रात्री येतो, बिचकतो, वस्तू विकून टाकतो आणि आपणही चार दिवस हळहळून मोकळे होतो. नाना दिवसाढवळ्या येतात. कुत्र्याला नावानं हाक मारतात, तेही शेपूट हलवतं. वहिनींकडं तांब्याभर पाणी मागतात, पिकापाण्याचं विचारतात आणि जाताना कोपऱ्यातली पहार खांद्यावर टाकून ‘येतो मग’ म्हणतात. आपण ‘या’ म्हणतो. नानांच्या लेखी हीच परवानगी.

एरवी ते विचारत नाहीत असं नाही. विचारतात, पण काम झाल्यावर. ‘काल तुमचा रोटाव्हेटर नेला होता बरं का. म्हणलं, झोपले असताल, कशाला उठवावं!’ आपली झोपमोड होऊ नये म्हणून एवढा जीव टाकणाऱ्या माणसाला काय बोलणार?

ट्रॅक्टरची गोष्ट तर पाहण्यासारखी असते. जुन्या ट्रॅक्टरांना एकमेकांच्या किल्ल्या बऱ्याचदा चालतात, हे नानांना कंपनीच्या मेकॅनिकआधी कळलेलं असतं. सकाळी मालक बघतो तर मीटरवर चार तास वाढलेले, टाकी तळाला, टॉप लिंकची पिन गायब आणि तिच्या जागी सळईचा तुकडा तारेनं आवळलेला. रोटाव्हेटरचं एक पातंही मोडलेलं. मालक तावातावानं नानांकडं जातो. नाना त्याच्याआधी बोलायला लागतात. ‘डिझेल ठेवत जा की राव जरा! मधेच बंद पडला, मला पायी यावं लागलं.’ मीटरचं विचारलं, तर ‘मीटर बिघडलंय तुमचं, दाखवून घ्या.’ पातं? ‘ते ढिलंच होतं. मी होतो म्हणून लक्षात आलं.’ मालक चहा पिऊन, वर आभार मानून घरी येतो. रागावायचं राहून गेलं, हे त्याच्या वाटेत ध्यानात येतं.

इथवर हसण्यावारी न्यायला हरकत नाही. पण पंपाचं तसं नाही. नाना तुमचा सोळा लिटरचा पंप नेतात आणि उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतात. ऊस, ज्वारी, गहू ही एकदल पिकं ते औषध सोसतात. कापसाला मात्र पंपाच्या तळाशी राहिलेला अंशही पुरतो. पंप न धुता परत येतो, तुम्ही त्यात मावा-तुडतुड्याचं औषध कालवून कपाशीवर फवारता, आणि थोड्याच दिवसांत शेंड्याची पानं आकसून, लांबट होऊन पंजासारखी दिसायला लागतात. मग बियाणं बोगस म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. त्या भांडणात तुमच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असतो? नानांचा.

कायद्याकडं जावं म्हटलं, तर तिथंही नानांची बरी सोय आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी समजावून सांगताना एक उदाहरण दिलं होतं. मित्र घरी नसताना त्याच्या ग्रंथालयातून कुणी पुस्तक नेलं, वाचून परत द्यायच्या इराद्यानं, आणि त्याची संमती आहेच असं समजून; तर ती चोरी नव्हे. हा कायदा लिहिणाऱ्यांना आमचे नाना कुठं भेटले, कोण जाणे! उलट बाजूचाही दाखला आहे. जोधपूरच्या हवाईदल अकादमीतल्या दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगी नसताना विमान उडवलं आणि ते थेट पाकिस्तानात उतरलं. तात्पुरतं नेलं तरी ती चोरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली ठरवलं. म्हणजे पुस्तक नेलं तर दोस्ती, विमान नेलं तर गुन्हा. ट्रॅक्टर या दोहोंच्या मधे कुठंतरी उभा आहे, आणि त्यावर नाना बसलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, चोरीचं कलम ३७८ चं ३०३ झालं. नानांच्या कामात त्यानं काही फरक पडला नाही. फिर्याद द्यायला तालुक्याला जायचं तर मोटारसायकल लागते, आणि ती नाना घेऊन गेलेले असतात.

आमच्याकडं एकानं वैतागून अवजारांच्या खोलीला कुलूप घातलं. गावात बोलणं सुरू झालं : दोन पैसे आले की माणूस बदलतो. आठवड्याभरात खोलीतली कडबा-कुट्टी नानांच्या गोठ्यात घरघरत होती. कुलूप शाबूत. नानांनी यंत्र परत आणलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि मालकाला झापलं, ‘किल्ली चौकटीवर ठेवत जाऊ नका. कुणीही नेईल.’

सरकारनं अवजार बँकांना अनुदान दिलं, पण तिथं भाडं पडतं, नंबर लावावा लागतो. नानांच्या बँकेत ठेवी आपल्या, कर्ज त्यांचं. तरी त्यांच्या बाजूचं एक सांगितलंच पाहिजे. ऐन काढणीत रात्री अवकाळी पाऊस कोसळला तेव्हा गाव झोपेत होतं. नाना तेवढे जागे होते. माझ्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकून, कडांना दगड ठेवून ते निघून गेले. गंजी वाचली. ताडपत्री तिसऱ्याचीच होती, आणि तो सकाळी माझ्याशी भांडायला आला.

एवढं होऊनही माझं मत बदललेलं नाही. ज्याला मोडलेल्या पात्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्याच्या दिलदारीचं मोल मी अर्धंच धरतो. तुम्हीही नानांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. पंप परत आला की कपाशीत न्यायच्या आधी तीनदा खळखळून धुवा. फक्त धुतलेलं पाणी त्यांच्या बांधाकडं सोडू नका. तिथं तुमचाच पाइप अंथरलेला असतो.