माझ्याकडून केले गेले

नोकरीचा अर्ज लिहायला बसले की भल्याभल्यांचा ‘मी’ लाजतो. आपली स्तुती आपणच कशी करायची, म्हणून तो मागच्या दाराने सटकतो आणि कागदावर उरते: ‘शाखेचे हिशेब तपासले गेले.’ कोणी तपासले? अर्जदाराने, की शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी?

काहीजण मग ‘माझ्याकडून’ जोडतात. शाळेत याला नवीन कर्मणी म्हणायचे. पण मराठी घरात ‘माझ्याकडून’च्या पुढे सहसा कपबशी फुटते. ‘माझ्याकडून विक्री वाढवली गेली’ हे वाचून साहेबांना वाटावे, चुकून झाले असेल, पुन्हा होणार नाही.

समापन कर्मणीचे ‘माझे बी.कॉम. करून झाले’ यात नुसताच सुस्कारा ऐकू येतो. आणि शक्य कर्मणीचे ‘मला आता हे काम करवत नाही’ हे जुनी नोकरी का सोडली याचे खरे उत्तर; म्हणूनच ते अर्जात घालू नये.

तरी कर्मणीला सरसकट हाकलू नये. करणारा खरोखर दुसरा असतो तिथे तो शोभतो. ‘तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे सोपवण्यात आल्या.’ कोणी सोपवल्या ते सांगायला नको, सोपवल्या एवढे पुरे. तेच ‘मी अत्यंत विश्वासू आहे’ असे लिहिले, तर वाचणारा आधी आपला गल्ला चाचपतो.

स्वतः केलेल्या कामासाठी मात्र ‘मी’ हवाच, आणि मराठीने त्याची लाज आधीच झाकून ठेवली आहे. ‘मी थकबाकी वसूल केली.’ वाक्य ‘मी’ने सुरू होते, पण क्रियापद मान तुकवते ते थकबाकीपुढे. हाही कर्मणीच, प्रधानकर्तृक. नाव भारदस्त, वागणे साधे. लिहिणारा बाई की बुवा याचाही पत्ता तो लागू देत नाही. ‘वसूल करतो’ म्हटले की लगेच कळते.

काही क्रियापदे मात्र या शिस्तीत बसत नाहीत. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले, ते काही अर्जदारांसाठी नव्हे; पण असले अपवाद अर्जदाराच्या फार कामाचे. ‘मी जर्मन भाषा शिकलो.’ भाषा स्त्रीलिंगी, तरी ‘शिकली’ होत नाही. शिक्षण कोणाचे, ते क्रियापद ठासून सांगते. मग मुलाखतीत समोरच्याने जर्मनमध्ये दोन वाक्ये बोलायला सांगितली, की याच गटातले दुसरे क्रियापद मदतीला धावते: ‘विसरलो.’