कितवं घर

नळाला पाणी येतं त्या रात्री आमच्या घरात लगीनघाई असते. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर पसरलेला आहे, तरी त्यातलं पाणी सिडकोतल्या आमच्या गल्लीपर्यंत यायला कधी पाच दिवस घेतं, कधी आठ. वाटेत प्रत्येक गावी मुक्काम करत, सगळ्यांच्या लेकीबाळींची चौकशी करत एखादी म्हातारी आत्या यावी, तसं ते येतं. आलं की मोटार, पाइप, पिंपं, हंडे. पण चौदा वर्षं या सगळ्यांच्या आधी आमच्याकडे भरली जायची ती मातीची एक पसरट कुंडी. हिमरूची. आमच्या या मांजरीला शिळं पाणी चालत नसे. साऱ्या गावाने आठ दिवसांचं पाणी झाकून, जपून प्यावं आणि हिने ताज्या धारेखाली पंजा धरून आधी पारख करावी, मग उपकार केल्यासारखे दोन घोट घ्यावेत. परवा रात्री अडीच वाजता पाणी आलं. मी झोपेतच उठलो, कुंडी विसळली, काठोकाठ भरली आणि ती दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिलो. हिमरू जाऊन सहा महिने झाले आहेत.

तिचं नाव मुलीने ठेवलेलं. ती तेव्हा सहावीत होती आणि शाळेबरोबर नुकतीच हिमरू कापडाचा माग पाहून आली होती. जिन्याखाली सापडलेलं ते पिल्लू काळं, तांबूस आणि पांढरं, आणि तिन्ही रंग असे एकमेकांत गुंतलेले की कुठला कुठे संपतो ते कळू नये. अशी तीन रंगांची मांजरं जवळजवळ नेहमी मादीच असतात, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर आई तिला 'बाळ्या' म्हणत होती. मग 'हिमे' झालं, आणि राग आला की 'टवळे'. तिन्ही नावं तिने सारख्याच अलिप्तपणे ऐकली. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं पालटत आलेल्या गावची ती. कुठल्या नावाला ओ द्यायची ते हाक मारणाऱ्याच्या हातात वाटी आहे का, हे पाहून ठरवायचं, एवढं शहाणपण तिच्या अंगात जन्मतःच असावं.

गेल्या उन्हाळ्यात ती पाणी जास्त पिऊ लागली. आम्ही कौतुक केलं. कुंडी दिवसातून तीनदा रिकामी होऊ लागली तेव्हा बायको म्हणाली, "हिच्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यावं लागणार." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं अशीच हळूहळू जातात, आणि बरीचशी निकामी होईपर्यंत मांजर कुणाला पत्ता लागू देत नाही. दूध यायला पाच मिनिटं उशीर झाला तर जी घर डोक्यावर घ्यायची, तिने ही एवढी मोठी तक्रार मात्र पोटातच ठेवली होती. श्रावणातल्या एका दुपारी ती कपाटाखालच्या अंधारात जाऊन बसली. संध्याकाळी आम्हीच तिला बाहेर काढलं.

अंगणातल्या सीताफळाखाली तिला ठेवायचं ठरलं. या गावाचं जुनं नाव खडकी का होतं, ते मला त्या रात्री कळलं. वरचा वीतभर मातीचा थर संपला आणि पहार वाजू लागली. दोन फुटांच्या खड्ड्याला दोन तास लागले. शेजारच्या एका गृहस्थांनी कठड्यावरून टॉर्च धरला. काय पुरतोय हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, त्यामुळे पुढचे काही दिवस ते माझ्याशी जरा जास्तच आदराने वागत होते. मला एका सत्कारात मिळालेली हिमरू शाल कपाटात होती. हिमरूच्या कापडाची उलटी बाजू सुट्या धाग्यांची असते, आणि त्यातला एकही धागा आमच्या हिमरूने जागेवर ठेवला नव्हता. त्याच शालीत तिला गुंडाळलं. पुन्हा सत्कार व्हायची शक्यता तशीही कमीच आहे.

आई पैठणची. ज्या गावात ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तिथल्या लेकीला जनावराच्या मरणाची थट्टा करवत नाही. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे आणि आई तिथे डोकं टेकवून आलेली आहे. मी तिच्यापाशी बसून म्हटलं, "माझ्यामुळे गेली गं. लक्षातच आलं नाही." आईने माळ खाली ठेवली. "तू मारलीस का? नाही ना? मग मेली ती. मारली असतीस तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागली असती." मग जरा थांबून म्हणाली, "तोळा लाखाच्या वर गेलाय म्हणू लागलेत."

दहाव्या दिवशी तिने कुणालाही न विचारता कुंडीत दूध-पोळी कालवली आणि कठड्यावर ठेवली. माझ्या थोरल्या मामांच्या दहाव्याला गोदाकाठी आम्ही दोन तास उन्हात तिष्ठत होतो. कर्ज फेडू, धाकटीचं लग्न करू, बांधाचा वाद मिटवू, अशी एकेक वचनं देत गेलो तरी कावळा झाडावरून हलेना. इथे आई वळते न वळते तोच तो येऊन कुंडीच्या काठावर बसला. "बघ," आई डोळे पुसत म्हणाली, "काही इच्छा राहिली नव्हती बिचारीची." मी गप्प राहिलो. हा कावळा मी ओळखत होतो. गच्चीच्या कोपऱ्यातून हिमरू वर्षानुवर्षं याच्यावरच दबा धरून बसायची, आणि तो दर वेळी अगदी शेवटच्या क्षणी, तिच्या मिशांना वारा लागेल इतक्या जवळून उडून जायचा. तिची एकच इच्छा राहिली होती, आणि ती समोर बसून दूध-पोळी खात होती.

त्यानंतर लोक 'दुसरी आणा' म्हणू लागले. बायको गेलेल्या माणसाला वर्षाच्या आत ज्या आवाजात सुचवतात, त्याच आवाजात. आम्ही तिघं एकदम बिजवर झालो. कुणी मोबाइलवर फोटो दाखवी: गोरी, निळ्या डोळ्यांची, घरंदाज, पर्शियन. पत्रिकेचं तेवढं कुणी काढलं नाही. बायकोने ते स्थळ शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "इराणी घराण्यातली एक बेगम या गावाला पुरे आहे." मग रात्री, दिवा मालवल्यावर, "दुसरी आणायचीच नाही. आणली की तिचा मकबरा होणार."

हे वाक्य मी बराच वेळ छताकडे बघत चघळत होतो. इराणच्या सफवी घराण्यातली दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये गेली आणि तिच्यासाठी इथे बीबी-का-मकबरा उभा राहिला. पौर्णिमेला डोंगर पाठीशी घेऊन तो असा दिसतो की बोलू नये. पण पुण्या-मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा दारातून आत शिरताच तेच वाक्य बोलतो: "ताजसारखाच आहे, पण..." त्या 'पण'मध्ये तो बिचारा साडेतीनशे वर्षं उभा आहे. खाली कमरेइतकं संगमरवर, मध्ये दगडावर चुन्याचा गिलावा, वर पुन्हा संगमरवरी घुमट. आम्ही तो पाहुण्यांना दाखवतानाही गरीब नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसे आधीच माफी मागितल्यासारखे बोलतो. त्याचा वास्तुकार अताउल्ला हा ताज घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. वडिलांनी ताज बांधल्यावर मुलाने घराचं न्हाणीघर जरी बांधलं असतं, तरी लोकांनी तुलनाच केली असती. उद्या एखादं पिल्लू आमच्या उंबऱ्यात आलं की आम्ही तिघं त्याच्याकडे याच नजरेने बघणार. 'छान आहे, पण...'

तरी मनात एक बारीक शंका वळवळत राहिली. या गावाचा दुसरेपणाशी घरोबाच आहे. शेजारच्या दौलताबादला १३२७ मध्ये तुघलकाने दुसरी दिल्ली करून पाहिली. आणि हिमरू? फारसीतल्या 'हम-रू' म्हणजे 'सारखं दिसणारं', त्यावरून तो शब्द आला असं सांगतात. सोन्या-चांदीच्या जरीचा किनखाप परवडत नाही त्यांनी ल्यायचं, सूत-रेशमाचं कापड. म्हणजे जगात जिच्यासारखी कुणी नाही म्हणून आम्ही रडत होतो, तिचं नावच 'सारखी' होतं. मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि काळोखातच मला ओशाळं वाटलं. हिमरू घरात आली तेव्हा पहिली दोन वर्षं मीच सगळ्यांना सांगत होतो, "ठीक आहे, पण आमच्या पैठणच्या वाड्यातल्या बोक्याची सर हिला नाही." तो बोका कसा दिसायचा, हे आता मला धड आठवत नाही. एक कान फाटका होता. बहुतेक डावा.

माघ लागला आणि एक काळी भाटी आमच्या माळ्यावर गाद्यांच्या वळकटीत तीन पिल्लं घेऊन राहायला आली. विचारलं कुणी नाही, सांगितलं कुणी नाही. पिल्लांना सात घरं दाखवली की त्यांचे डोळे उघडतात म्हणतात. बायको जनगणनेला आल्यासारखी गल्लीत चौकशी करत फिरली. समोरच्या काकूंचा जिना, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, बंद घराचं गॅरेज, आणखी एका ठिकाणची सरपणाची खोली. "आपलं पाचवं," तिने येऊन सांगितलं, आणि मला कळेना की तिला हायसं वाटलंय की वाईट. आईने ताकीद दिली, "नावं ठेवायची नाहीत कुणी. पाहुणी आहे ती." पण काल दुपारी जिन्यापाशी उभी राहून ती वर बघत ओरडत होती, "टवळे, गादी फाडू लागलीस का!" मी पेपरात डोकं घातलं.

तर परवा रात्री कुंडी हातात घेऊन मी उभा होतो. अंगणात सीताफळापाशी ठेवायची, तर ते बरं दिसेना. माळ्यावर न्यायची, तर तो निर्णय झाला असता, आणि रात्री अडीचला माणसाने असले निर्णय घेऊ नयेत. शेवटी जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली. मोटारीचं बटण दाबता दाबता बायको म्हणाली, "हे कुणासाठी?"

"पाणी आलंय ना," मी म्हटलं.

सकाळी पाहिलं तर कुंडी अर्धी रिकामी होती. कावळाही असेल.