अग्निरथाचा पंचनामा

बी. आर. चोप्रा यांनी पदरचा पैसा ओतून आणि चिरंजीव रवी चोप्रा यांच्या हाती दिग्दर्शनाची सूत्रे देऊन १९८० साली ‘द बर्निंग ट्रेन’ नामक जो अग्निरथ रुळांवर सोडला, त्यावर धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद खन्ना, परवीन बाबी, जितेंद्र, नीतू सिंग, विनोद मेहरा, सिमी गरेवाल आणि डॅनी अशा मातब्बर मंडळींची एकाच हुकमाने तैनाती झाली असताही गल्ल्याने मालकांची निराशाच केली, याचे कारण आमच्या अल्पमतीप्रमाणे आगीत नसून मानपानात आहे. दरबारात सरदार फार झाले म्हणजे मोहीम निघण्याआधीच मुहूर्त टळतो, तद्वत् येथे प्रत्येकाच्या प्रेमाची, विरहाची व गाण्याची हुद्द्यानुरूप तजवीज होईतो गाडी फलाटावरून हलत नाही, आणि हलते तेव्हा प्रेक्षकाच्या पुडीतील फल्लीदाणे संपत आलेले असतात. मग मत्सराने पेटलेला डॅनी व्हॅक्यूम ब्रेक काढून नेतो, इंजिनात स्फोट होतो, भटारखान्यात गॅस भडकतो. पण तत्पूर्वी देशातील त्या सर्वाधिक वेगवान गाडीत एक सविस्तर कव्वाली पार पडते. न्यायाने सांगावयाचे तर, जळते डबे धावू लागल्यावर आमचाही हात काही काळ त्या रिकाम्या पुडीतच राहिला होता.

त्याच काळी आमच्या कारंजा लाडवरून, म्हणजे त्या वेळच्या अकोला व हल्लीच्या वाशीम जिल्ह्यातून, मूर्तिजापूर-यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची शकुंतला धावत होती. ‘धावत होती’ हे आम्ही केवळ शिष्टाचारास्तव म्हणतो. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे रवाना व्हावा म्हणून गोऱ्या कंपनीने घातलेल्या या अरुंद लोहमार्गावर मँचेस्टरात १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले, आणि त्याच्या पोटात रोज रीतसर आग पेटत असूनही कोणा नटास ती विझविण्यासाठी टपावर चढावे लागले नाही. पुढे पुढे तर नोकरवर्ग इतका रोडावला की गार्डानेच स्थानकावर उतरून तिकिटे फाडावीत आणि तिकिटे फाडून झाल्यावर हिरवे निशाणही त्यानेच दाखवावे. चोप्रांनी हा एक इसम जरी उसना नेला असता, तरी निम्मे मानधन वाचते.

डॅनीने शकुंतलेचा ब्रेक पळविला असता तर काय झाले असते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. उतारूंनी चालत्या गाडीतून खाली उतरून विडी शिलगावली असती, चार पावले झपझप टाकून पुढच्या डब्यात पुन्हा बैठक मारली असती, ब्रेक गेल्याची इत्तला मूर्तिजापूरच्या दप्तरी पोहोचेपर्यंत गाडी पहिल्याच चढावर आपण होऊन थांबली असती, आणि यथावकाश झालेल्या चौकशीत, उतारूंनी वारंवार चढउतार करून सरकारी वाहनाच्या वेगात व्यत्यय आणला, सबब कसूर त्यांचाच, असा शेरा पडून प्रकरण दाखल दप्तर झाले असते.