श्रीमंत क्षारराव यांस

श्रीमंत क्षारराव, मुक्काम कृष्णाकाठ, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत आपलं बस्तान इतकं उत्तम बसूनही आपला सत्कार अद्याप कुणी केलेला नाही. उलट 'रानाला मीठ फुटलं' म्हणून लोक कपाळाला हात लावतात. जणू आपण न बोलावता आलात!

आमंत्रण तर रीतसर होतं. खोल काळी जमीन, तीत वर्ष-दीड वर्ष उभा ऊस, आणि मोटर चालू करून घरी निघून गेलेला मालक. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी वर्षभरात एकूण मीटरभर उंचीचं पाजलं, तर एकरात सुमारे २ टन क्षार येऊन पडतात. पाणी पीक पितं, ऊन पितं. आपण मागं उरता. त्यात ओढे-नाले बुजवून तिथंही ऊस लावला गेला. निचरा तुंबला, भूजल वर चढलं आणि आपली स्वारी त्याच्यासोबत थेट माथ्यावर.

उन्हं तापली की आपलं दर्शन घ्यावं. वरंब्यावर पांढरी पुटं, उसाच्या ओळीत जागोजागी तूट, बांधालगत माजलेला लव्हाळा. सोडियम वाढून सामू साडेआठाच्या वर गेला की जमीन चोपण होते: भिजली की चिखल, वाळली की दगड.

आपला लौकिक तसा जुना. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास छापला होता. तो फारसा कुणी मनावर घेतला नाही, हे आपलं नशीब.

जिप्समला आपण घाबरू नये. ते सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं खरं, पण निचराच नसेल तर तो जाणार कुठं? धास्ती बाळगावी ती जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र पाईपची. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असे पाईप टाकले, खारं पाणी नाल्याला लावलं आणि पडीक रानांत पुन्हा ऊस उभा केला.

अर्थात, एकट्यादुकट्यानं हे जमत नाही. पाईपचं पाणी बहुधा शेजाऱ्याच्या रानातून काढावं लागतं, आणि शेजारी म्हणजे भावकी. बांधाच्या हातभर जागेवरून कोर्टात तारखा चालू असेपर्यंत काळजी नसावी.

कळावे, लोभ नसावा.